पुण्याचं कॉलेज की जळगाव-शिरपूर? नावाने पुढे नेमका किती फरक पडतो?

पारोळ्याचा मामा:

राम राम मंडळी. भाचीला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९४ च्या आसपास पर्सेंटाइल आहे. ओबीसी, कोरडवाहू कापसाची शेती, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला कॉम्प्युटर मिळणार नाही, हे आम्हाला कळतं. घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पुण्यात मिळेल ते कॉलेज घ्या, पुण्याचं नाव लागलं की पोरीचं कल्याण. दुसरा म्हणतो, उज्ज्वल निकम जळगावातच वकिली शिकले, प्रतिभाताई पाटील जळगावच्याच एम. जे. कॉलेजच्या, हुशार पोराला कॉलेजने काही अडत नाही.

कॉलेजच्या नावाने पुढे खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर कुठे? कोणाच्या पोराचं काय झालं ते नको, माहिती द्या.

तापीकाठ:

मामा, आधी दोन खाती वेगळी करा. काही ठिकाणी कॉलेजचं नाव बघतात, काही ठिकाणी तो रकानाच कोणी वाचत नाही. पोरीला कुठे जायचंय हे अर्धवट ठरलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

नाव न बघणारं खातं आपल्याकडे समजतात त्यापेक्षा मोठं आहे. एमपीएससी आणि यूपीएससीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरते, पदवीचे टक्के गुणवत्ता यादीत धरत नाहीत. रेल्वेचा ज्युनिअर इंजिनिअर, महानिर्मिती, महापारेषण ही सगळी भरती लेखी परीक्षेवर होते. दीपनगरच्या वीज केंद्रात रुजू होणाऱ्याला तू जळगावजवळच्या बांभोरी कॉलेजचा की पुण्याचा, हे विचारून गुण देत नाहीत. सीएला तर कॉलेजचा संबंधच नाही. तिथे फाउंडेशन, इंटर, दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली उमेदवारी, आणि फायनल, एवढंच. आर्टिकलशिप कोणत्या फर्ममध्ये केली हे मात्र बघतात.

डॉक्टरकीचंही तसंच. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे, जळगाव, नंदुरबार आणि मुंबई-पुण्याची सरकारी मेडिकल कॉलेजं, सगळ्यांची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते. पुढे नीट-पीजीला एमबीबीएस कुठून केलं ते विचारत नाहीत. फरक पडतो तो वॉर्डात रुग्ण किती आणि कसले बघायला मिळतात याने. म्हणून तिथे खाजगी चकचकीत इमारतीपेक्षा गर्दीचं सरकारी रुग्णालय बरं.

इंजिनिअरिंगमध्ये गेट ही परीक्षा लक्षात ठेवा. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर आयआयटीत एमटेक मिळतं आणि दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळतं. म्हणजे ज्याला नाव हवंच आहे त्याला ते चार वर्षांनी, घरचे पैसे न घालता मिळवायची सोय आहे. शिरपूर-जळगावच्या पोरांनी हा रस्ता जेवढा वापरायला हवा तेवढा वापरला जात नाही, कारण तयारी दुसऱ्या वर्षाला सुरू करायची असते आणि आपल्याकडे ती शेवटच्या वर्षाला आठवते.

आता नाव बघणारं खातं. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या, गुंतवणूक बँका, सल्लागार कंपन्या ठरावीक वीस-तीस कॅम्पसवरच जातात. तिथे तुम्ही त्या यादीत नसाल तर अर्ज कोणी उघडतही नाही, ओळखीतल्या माणसाकडून रेफरल आणावं लागतं. स्टार्टअपचंही तसंच. आयआयएममध्ये कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे टक्के मोजतात. तिथे कॉलेजच्या नावापेक्षा गुणपत्रिका जास्त बोलते.

मधलं मोठं खातं म्हणजे टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या. त्या नाव बघत नाहीत, अटी बघतात: सहसा दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के आणि एकही विषय राहिलेला नको. टीसीएसची एनक्यूटी ही भरती परीक्षा कुठल्याही कॉलेजचा पोरगा देऊ शकतो. त्याच परीक्षेतून एकाला साडेतीन लाखांच्या आतली नोकरी मिळते आणि दुसऱ्याला सात लाखांच्या आसपासची. ते परीक्षेतल्या कोडिंगवर ठरतं, कॉलेजवर नाही.

सातपुडा:

नाव मोठं शे म्हनीसन पोऱ्या मोठा व्हत नही. बाकी चालू द्या.

आकडेमोड:

सातपुडा भाऊ, वाक्य चांगलं आहे, पण पूर्ण खरं नाही. यावर नीट अभ्यास झालेले आहेत.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक हुशार तुलना मांडली. मोठ्या कॉलेजात शिकलेले विरुद्ध न शिकलेले अशी साधी तुलना केली तर मोठ्या कॉलेजवाले पुढे दिसणारच, कारण तिथे मुळात हुशार पोरंच जातात. म्हणून त्यांनी अशी मुलं जोडीला लावली की ज्यांचे गुण सारखे होते आणि ज्यांना सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी घेतलं किंवा नाकारलं होतं, पण शेवटी काही मोठ्या कॉलेजात गेली आणि काही साध्या. पुढच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. गरीब घरची मुलं मात्र याला अपवाद निघाली. त्यांना नामवंत कॉलेजचा फायदा स्पष्ट दिसला.

ही शेवटची गोष्ट खानदेशासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्याच्या घरी सीए, डॉक्टर, कारखानदार आहेत त्याला ओळखी आणि माहिती घरातच मिळते, कॉलेज त्यात थोडीच भर घालतं. ज्याच्या घरातून पहिल्यांदा कोणी इंजिनिअर होतंय, त्याला हे सगळं कॉलेजच देतं: वरच्या वर्गातली पोरं, इंटर्नशिप कुठे लागते याची कुजबुज, मुलाखतीला काय विचारतात ते.

२०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांचा अभ्यास आला, तोही अमेरिकेतला. अगदी वरच्या बारा कॉलेजांनी सरासरी कमाई फारशी वाढत नाही, पण सर्वांत जास्त कमावणाऱ्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. आपल्याकडे शीतल सेखरी यांनी भारतातल्या कॉलेजांवर काम केलं. कटऑफच्या थोडं वर आणि थोडं खाली असलेली मुलं त्यांनी ताडून पाहिली. नामवंत सरकारी कॉलेजवाल्यांना पगार जास्त मिळाला, पण बाहेर पडतानाच्या परीक्षेत दोघांचे गुण सारखेच होते. म्हणजे शिकवणं फार वेगळं नव्हतं, शिक्का वेगळा होता आणि बाजाराने शिक्क्याचे पैसे दिले.

मामा, निकमसाहेबांचं उदाहरण खरं आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. त्याच वर्गात बसलेल्या बाकीच्यांचं काय झालं हे आपण मोजलेलं नसतं. आणि प्रतिभाताईंचं उदाहरण अर्धं आहे. एम. जे. नंतर त्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकल्या.

एक खुलासा. या अभ्यासांतलं 'मोठं कॉलेज' म्हणजे आपल्याकडे आयआयटी, सीओईपी, व्हीजेटीआय, आयसीटी या पातळीचं. हिंजवडीच्या आसपास दहा वर्षांपूर्वी उघडलेलं कॉलेज त्यात बसत नाही. घरातला पहिला तट इथेच घसरतोय: शहराचं नाव आणि कॉलेजचं नाव यांत तो गल्लत करतोय.

प्रवेशाचं बघणारा, धुळे:

आकडेमोड भाऊंनी शेवटी लिहिलं तेच मला फोडून सांगायचंय. ९४ पर्सेंटाइलला पुण्यात जे मिळेल, त्याचं नाव चाकणच्या पुढे कोणाला ठाऊक नसतं. म्हणून नाव सोडा आणि कॉलेज तपासा. ते घरी बसून एका संध्याकाळी होतं.

पहिलं काम: कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, या नावाची पीडीएफ शोधा. क्रमवारीत नंबर आलेला नसला तरी भाग घेतलेल्या प्रत्येक कॉलेजला आपण पाठवलेली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. तिच्यात चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात ओळीने हे असतं: प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार आणि पुढे शिकायला गेलेले. तीन वर्षांची माहिती असते. फ्लेक्सवरचं चव्वेचाळीस लाखांचं पॅकेज विसरा, ही ओळ वाचा.

कसं वाचायचं ते एका काल्पनिक उदाहरणाने बघा. प्रवेश ३००, वेळेत पास २१०, नोकरी ११०, पुढे शिकायला २०, मध्यक पगार ३ लाख ६० हजार. जाहिरातीत हे 'जवळपास ८५ टक्के प्लेसमेंट' असं येतं, कारण भागाकार फक्त 'पात्र आणि इच्छुक' पोरांनी करतात. तुम्ही ११० ला ३०० ने भागा, ३७ टक्के येतात. उरलेल्यांत नव्वद तर वेळेत पासच झाले नाहीत. पोरीला खरा धोका पगार कमी मिळण्याचा नाही, त्या नव्वदांत जाण्याचा आहे. आणि मध्यक म्हणजे मधल्या पोराचा पगार. सरासरी सांगत असतील तर समजा, दोन-तीन मोठ्या पगारांनी आकडा ओढून वर नेलाय.

या पीडीएफची एक उणीव आहे. आकडे पूर्ण कॉलेजचे असतात, शाखावार नसतात. कॉम्प्युटरवाल्यांनी मेकॅनिकलचा आकडा झाकलेला असू शकतो. म्हणून प्लेसमेंट अधिकाऱ्याला फोन लावून तीनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षी या शाखेतल्या किती *मुलांना* ऑफर मिळाल्या? किती ऑफर ते विचारू नका, एकाच पोराच्या तीन ऑफर तीनदा मोजतात. त्यातल्या किती जणांना रुजू करून घेतलं? ऑफर लेटर देऊन वर्षभर बोलावलंच नाही असंही होतं. आणि कंपनी कॉलेजात आली की पूल कॅम्पसला, म्हणजे पाच-सहा कॉलेजांची पोरं एकत्र बसवून? पुण्यात पूल भरपूर होतात आणि त्यात पुण्याच्या साध्या कॉलेजच्या पोराला वेगळा काही मान नसतो.

दुसरं: एनबीए मान्यता शाखेला मिळते, नॅक पूर्ण संस्थेला. 'ए प्लस' बघून भुलू नका, आपल्या शाखेला एनबीए आहे का आणि तिची मुदत संपली का ते बघा.

तिसरं: शाखेचे शिक्षक. वेबसाइटवरच्या यादीत किती जण पाच वर्षांहून जुने आहेत ते मोजा. दर वर्षी निम्मी यादी बदलत असेल तर पगार वेळेवर होत नाहीत, असं धरून चाला.

या चाळणीतून जळगावचं सरकारी अभियांत्रिकी, शिरपूरचं आर. सी. पटेल, जळगावचं एसएसबीटी आणि पुण्याची तुमच्या यादीतली चार नावं एकत्र काढा. क्रम तुमचा तुम्हालाच लागेल. माझं मत विचाराल तर या पर्सेंटाइलला शिरपूर-जळगावची कॉम्प्युटर, आयटीची जागा पुण्याच्या तिसऱ्या फळीतल्या कॉलेजपेक्षा वर ठेवावी. पुण्याच्या पहिल्या-दुसऱ्या फळीत इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर मात्र ते वर, कारण तिथे कंपन्या कॅम्पसला येतात आणि सॉफ्टवेअरच्या बहुतेक परीक्षांना इलेक्ट्रॉनिक्सची पोरं बसू शकतात. सिव्हिल, मेकॅनिकलचं असं नाही. काही कंपन्या त्यांना बसवतात, काही दारातूनच परत पाठवतात.

पारोळ्याचा मामा:

भाऊ, ही एनआयआरएफची गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. आता खर्चाचं सांगा. पुण्याला पाठवायचं तर कर्ज काढावं लागेल का? तिचे वडील बँकेचं नाव काढलं की घाबरतात.

बँकवाला भाऊ:

मामा, आधी एक दिलासा. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित खाजगी कॉलेजातही. अट एवढीच की प्रवेश कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीतून झालेला हवा आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरलेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. पुण्यात 'युनिव्हर्सिटी' नाव लावणाऱ्या बऱ्याच संस्था याच गटात येतात, आणि शिरपूरचं एनएमआयएमएसही अभिमतच आहे. नावाच्या मोहात माफी हातची जाते ती इथे.

माफीत विकास शुल्क येत नाही, ते भरावंच लागतं. राहणं-जेवणं वेगळं. पुण्यात महिना १०,००० धरले तरी दहा महिन्यांचे एक लाख होतात. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुण्यासाठी वर्षाला ६०,००० मिळतात. पण जागा मर्यादित असतात, निवड गुणांवर होते आणि पैसे उशिरा येतात. पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

आता कर्ज. समजा माफी हुकली आणि दर वर्षी २ लाख असे चार वर्षांत ८ लाख उचलले. व्याज १०.५ टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. साधं व्याज सुमारे २ लाख ९४ हजार होतं. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर जवळपास ११ लाख असतात आणि दहा वर्षांच्या फेडीला महिना १४,७५० च्या आसपास बसतो. ३ लाख ६० हजारांच्या पॅकेजचे हातात २५-२६ हजार पडतात, कारण कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात घातलेली असते. हप्ता गेल्यावर पुण्यात खोलीभाडं आणि डबा भागवायला उरतात ११ हजार. शेतीतून पैसे मागवायची वेळ येते ती अशी.

शिकत असताना दर महिन्याचं व्याज भरत गेलात तर मुद्दल आठच लाख राहतं आणि हप्ता १०,८०० च्या आसपास येतो. कापसाचा पैसा हातात आला की वर्षाचं व्याज एकदम भरून टाकायचं.

कॉलेजचं नाव बँकेत मात्र खरंच कामाला येतं. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत एनआयआरएफवरून निवडलेल्या संस्थांतल्या मुलांना तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात आणि पुढच्या एका वर्षात ३ टक्के व्याज सवलत, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ती नाही. कॉलेज यादीत नसेल तर शाखाधिकारी साडेसात लाखांच्या वर तारण मागतो, म्हणजे सातबारा पुढे येतो. यादी पोर्टलवर आहे, फॉर्म भरायच्या आधी बघा.

तापीकाठ:

फॉर्मवरून आठवलं. इतका विचार करून लोक पसंतीक्रमात चुकतात. २०२५-२६ च्या नियमानुसार चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते आपोआप पक्कं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी लागलं तर पक्कं, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी, चौथ्यात लागेल ते. पक्कं झालेलं घेतलं नाही तर पुढच्या फेरीतून बाहेर. म्हणून 'बघू तरी' म्हणून वरच्या सहात कुठलंही कॉलेज टाकू नका. यंदाची पुस्तिका आली की हे आकडे पुन्हा ताडून घ्या.

दुसरं, विद्यापीठ हद्द. खाजगी कॉलेजात ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. बारावी जिथून झाली ते आपलं विद्यापीठ धरतात. पारोळ्यातून बारावी म्हणजे बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत ती सत्तरमध्ये आहे, पुण्यात तीसमध्ये. त्यामुळे गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना पुण्यासाठी बाहेरच्यांच्या रकान्यातला बघा. लोक पहिलाच आकडा वाचून खूश होतात आणि फेरीत तोंडावर पडतात.

पारोळ्याचा मामा:

नॉन-क्रिमिलेअर काढलंय. जात वैधता अजून नाही, अर्ज दिलेला नाही. चालेल का?

प्रवेशाचं बघणारा, धुळे:

नाही चालणार, आजच अर्ज द्या. अर्जाच्या पावतीवर फेरीत भाग घेता येतो, पण सांगितलेल्या तारखेपर्यंत वैधता हातात नसेल तर भाची खुल्या गटात जाते आणि मग कॉलेजांचा सगळा हिशेब बदलतो. बारावी विज्ञानच्या मुलांचा अर्ज नमुना १६ मध्ये, कनिष्ठ महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यासह जळगावच्या जात पडताळणी समितीकडे जातो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर उत्तम. ते शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयातून त्यांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली, नक्कल काढा. अर्ज अडकतात ते बहुतेक नावातल्या फरकाने, कागदावर 'दगा पुना' आणि आधारवर 'दगडू पुंडलिक' असं. वंशावळीचं शपथपत्र जोडताना दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे त्यातच लिहून टाका. नॉन-क्रिमिलेअरवरची तारीखही बघा, प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं.